पेटंट संपले तरी औषध स्वस्त का होत नाही?

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे दोन हजार रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. ज्या स्त्रियांच्या गाठीत ‘हर-टू’ नावाचे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त आढळते, त्यांच्यासाठी ट्रॅस्टुझुमॅब हे औषध तोवर जगभर मान्य झाले होते. मात्र गरज असलेल्या या स्त्रियांपैकी ते प्रत्यक्षात मिळाले दहा टक्क्यांहूनही कमी जणींना. त्यातल्याही अनेकींना ते मिळाले ते औषधाच्या चाचणीत सहभागी झाल्यामुळे. निदान झाले होते, औषध उपलब्ध होते, डॉक्टरांना त्याची माहितीही होती. आडवी आली ती किंमत.

पुढच्या काही वर्षांत या औषधाचे पेटंट भारतातून गेले, देशी कंपन्यांनी ते बनवले आणि किंमतही उतरली. पण हे सरळपणे घडले नाही. त्यासाठी सरकारला सक्तीच्या परवान्याचा विचार करावा लागला, प्रकरण न्यायालयात गेले, स्पर्धा आयोगातही गेले. ट्रॅस्टुझुमॅबची ही कहाणी समजून घेतली, तर मधुमेहापासून संधिवातापर्यंत अनेक आजारांवरची नवी इंजेक्शने महाग का असतात आणि ती स्वस्त कशी होतात, याचा उलगडा होतो.

गोळी वेगळी, जैवऔषध वेगळे

पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी रसायनांपासून बनते. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूत अवघे २१ अणू असतात. कारखाना कोणताही असो, रेणू तोच. त्यामुळे पेटंट संपले की दुसरी कंपनी तेच औषध बनवते आणि ते रक्तात मूळ औषधाइतकेच उतरते एवढे दाखवले की तिला परवानगी मिळते. आपण ज्यांना जेनेरिक औषधे म्हणतो ती हीच. पेटंट संपल्यावर अशी गोळी बऱ्याचदा वर्षा-दोन वर्षांत मूळ किमतीच्या काही टक्क्यांवर येते.

ट्रॅस्टुझुमॅब हे प्रथिन आहे, आणि तेही भलेमोठे. त्याचा रेणू अ‍ॅस्पिरिनच्या सुमारे आठशे पट जड असतो. प्रयोगशाळेत रसायने मिसळून तो तयार होत नाही. चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून मिळवलेल्या पेशींमध्ये योग्य जनुक घातले जाते. मग या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवतात आणि त्यांनी तयार केलेले प्रथिन गाळून, शुद्ध करून घेतले जाते. तापमान, पोषक द्रव, प्राणवायूचे प्रमाण यांत जराही बदल झाला, तर प्रथिनावर चिकटणाऱ्या शर्करेच्या साखळ्या बदलतात. काही वेळा त्याचा परिणाम औषधाच्या कामावर होतो.

म्हणूनच दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या अशा औषधाला जेनेरिक म्हणत नाहीत. त्याला बायोसिमिलर, म्हणजे जैवसमरूप औषध म्हणतात. ते मूळ औषधाशी तंतोतंत एक नसते, पण रुग्णाच्या दृष्टीने त्यात फरक नाही हे सिद्ध करावे लागते. ही सिद्धता किती मागायची, यावरच सगळी स्पर्धा अवलंबून असते. कमी मागितली तर रुग्णाला धोका. गरजेपेक्षा जास्त मागितली तर बायोसिमिलर बनवण्याचा खर्च एवढा वाढतो की दोन-चार बड्या कंपन्यांखेरीज कोणी त्या वाटेला जात नाही आणि किंमत वरच राहते.

धोका खरा आहे

या काळजीमागे कारण आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्त वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एप्रेक्स या इंजेक्शनाच्या मिश्रणात १९९८ मध्ये युरोपात बदल करण्यात आला. प्रथिन टिकावे म्हणून त्यात मानवी रक्तातील अल्ब्युमिन वापरले जाई, त्याऐवजी दुसरा पदार्थ घालण्यात आला. त्यानंतरच्या काही वर्षांत काही रुग्णांच्या शरीरात या औषधाविरुद्ध आणि त्याबरोबर शरीरातल्या नैसर्गिक संप्रेरकाविरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली. त्यांच्या अस्थिमज्जेत लाल पेशी बनणेच थांबले. औषध देण्याची पद्धत बदलल्यावर ही प्रकरणे कमी झाली.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की एप्रेक्स हे नक्कल केलेले उत्पादन नव्हते, मूळ कंपनीचेच होते. २०१७ मध्ये दक्षिण कोरियाच्या सॅमसंग बायोएपिस कंपनीच्या शास्त्रज्ञांनीही एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. मूळ ट्रॅस्टुझुमॅबच्या काही काळातल्या बॅचेसमध्ये शर्करेच्या साखळ्या आणि त्यांच्याशी संबंधित गुणधर्म सरकल्याचे त्यांना आढळले होते. हे शास्त्रज्ञ प्रतिस्पर्धी कंपनीचे होते हे ध्यानात ठेवूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. जैवऔषधात थोडाफार फरक असणारच, मग उत्पादक कोणीही असो. तो फरक मर्यादेत आहे ना, हे पाहणे नियामकाचे काम.

एक लाखाची कुपी

अमेरिकेतील जेनेन्टेक कंपनीच्या ट्रॅस्टुझुमॅबला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सप्टेंबर १९९८ मध्ये मंजुरी दिली. नाव होते हर्सेप्टिन. पुढे जेनेन्टेक स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीकडे गेली. भारतात ४४० मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत तेव्हा एक लाख रुपयांच्या पुढे होती.

ही किंमत घराला कशी भोवते, याचा हिशेब करून पाहता येतो. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात हे औषध दर तीन आठवड्यांनी, साधारण वर्षभर देतात. मात्रा वजनावर ठरते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला पहिल्या वेळी ४८० मिलिग्रॅम आणि नंतर प्रत्येक वेळी ३६० मिलिग्रॅम लागते. १८ वेळा मिळून ६,६०० मिलिग्रॅम, म्हणजे १५ कुप्या. एका कुपीला लाख रुपये धरले तरी नुसत्या या औषधाचा खर्च १५ लाख. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन वेगळे.

मार्च २०१२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मुंबईतील पेटंट नियंत्रकांनी यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हार या बायर कंपनीच्या गोळीसाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. पेटंट असूनही ठरावीक मानधन देऊन दुसऱ्याला औषध बनवू देण्याची ही कायद्यातली तरतूद भारतात पहिल्यांदाच वापरली गेली. महिन्याला दोन लाख ऐंशी हजार रुपयांचे औषध त्यामुळे ८,८०० रुपयांना मिळू लागले. त्याच महिन्यात रोशने आपली दोन कर्करोगावरची औषधे भारतात नव्या नावांनी आणि कमी किमतीत विकण्याचे जाहीर केले. त्यासाठी भागीदार होती पुण्याची एमक्युअर. हर्सेप्टिनचे हे स्वस्त रूप ‘हर्क्लॉन’ या नावाने आले. तेही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच होते.

त्याच वर्षी रुग्णांच्या संघटना व कार्यकर्त्यांनी परवडणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅबसाठी मोहीम सुरू केली. २०१३ च्या सुरुवातीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या औषधासाठीही सक्तीच्या परवान्याचा विचार चालवला. ऑगस्ट २०१३ मध्ये रोशने भारतातील पेटंटाचा पाठपुरावा सोडून दिला.

इथपर्यंत वाचल्यावर वाटेल की आता वाट मोकळी झाली. खरे तर पुढचा अडथळा पेटंटाशी संबंधितच नव्हता.

वाद न्यायालयात

बंगळूरुची बायोकॉन आणि अमेरिकेची मायलन या कंपन्यांनी मिळून ट्रॅस्टुझुमॅब विकसित केले होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी त्याला मंजुरी दिली. जानेवारी २०१४ मध्ये बायोकॉनने ‘कॅनमॅब’ या नावाने ते बाजारात आणले. ४४० मिलिग्रॅमची कुपी ५७,५०० रुपयांना, म्हणजे मूळ औषधाच्या तेव्हाच्या किमतीपेक्षा सुमारे २५ टक्के कमी. वरच्याच हिशेबाने वर्षाचा खर्च १५ लाखांवरून साडेआठ लाखांच्या आसपास आला. फरक मोठा होता, पण गोळ्यांच्या बाबतीत होते तशी ही घसरण नव्हती.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. दाव्यात दोन्ही कंपन्यांबरोबर औषध महानियंत्रकही प्रतिवादी होते. आक्षेप पेटंटाचा नव्हता. भारतात बायोसिमिलरसाठी २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना तयार झाल्या होत्या, त्यांतील चाचण्या पुरेशा न करताच मंजुरी दिली गेली, असे रोशचे म्हणणे होते. औषधाच्या प्रचारात आणि वेष्टनावर हर्सेप्टिनच्या माहितीचा आधार घेण्यालाही तिचा विरोध होता. एप्रिल २०१६ मध्ये एकल न्यायाधीशांनी मंजुरीच्या प्रक्रियेतील त्रुटींवर बोट ठेवले आणि विक्रीवर अटी घातल्या. मग प्रकरण अपिलात खंडपीठापुढे गेले. विक्री मात्र पूर्णपणे थांबली नाही.

कळीचा मुद्दा होता तो एका आजारातली चाचणी दुसऱ्या आजाराला लागू करण्याचा. बायोसिमिलरची चाचणी साधारणतः एकाच प्रकारच्या रुग्णांवर होते. उदाहरणार्थ, शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर. मूळ औषध मात्र सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगावर आणि जठराच्या काही कर्करोगांवरही वापरले जाते. प्रत्येकासाठी नवी चाचणी मागायची का? औषध ज्या मार्गाने काम करते तो मार्ग एकच असेल, तर तशी गरज नाही, अशी भूमिका युरोपने आणि अमेरिकेने घेतली आहे. भारतातील वादाचे मूळ या तत्त्वाबरोबरच भारतीय मंजुरीमागे पुरावा किती होता, यातही होते.

रोशचा आक्षेप व्यावसायिक हेतूचा होता की रुग्णांच्या सुरक्षिततेचा? दोन्ही असू शकतात, आणि नियामकापुढचा पेच तोच आहे. प्रतिस्पर्धी कंपनी उचलते तो प्रश्नही कधी कधी योग्य असतो. तो प्रश्न आधीच विचारून, त्याचे उत्तर जाहीर करून नियामकाने मंजुरी दिली असती, तर न्यायालयात वर्षे गेली नसती.

शंका हेच शस्त्र?

२०१६ मध्ये बायोकॉन आणि मायलन यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. रोश डॉक्टर, रुग्णालये आणि सरकारी खरेदी यंत्रणांना पत्रे लिहून, संपर्क साधून आपल्या औषधाविषयी संशय पसरवत आहे, असा त्यांचा आरोप होता. २०१७ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. चौकशीचा आदेश म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. पण औषधाविषयी शंका निर्माण करणे हा बाजारपेठेतील वर्चस्वाचा गैरवापर ठरू शकतो का, हा प्रश्न त्या निमित्ताने भारतीय स्पर्धा कायद्यापुढे आला.

साबणाच्या बाजारात ग्राहक स्वतः वापरून ठरवतो. कर्करोगाच्या औषधात रुग्ण असे ठरवू शकत नाही. डॉक्टर सांगतील तेच तो घेतो, आणि डॉक्टरांच्या मनात किंचित शंका असली तरी ते जुन्याच औषधाकडे वळतात. त्यामुळे इथे स्पर्धा नुसत्या किमतीवर होत नाही, विश्वासावर होते. तो विश्वास निर्माण करण्याचा एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे उघड केलेला पुरावा.

तो पुरावा पुढे आलाही. बायोकॉन-मायलनच्या औषधाची जागतिक चाचणी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पसरलेल्या कर्करोगाच्या ४५८ रुग्णांच्या मुख्य विश्लेषणात, २४ आठवड्यांनंतर बायोसिमिलर घेणाऱ्यांपैकी ६९.६ टक्क्यांना आणि मूळ औषध घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांना गुण आला होता. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत होता, म्हणजे दोन्ही औषधे तुल्यबळ ठरली. डिसेंबर २०१७ मध्ये एफडीएने याच औषधाला मंजुरी दिली. अमेरिकेत मंजूर झालेले ते पहिले ट्रॅस्टुझुमॅब बायोसिमिलर. मूळ औषधाच्या देशाने त्याची तपासणी करून ते स्वीकारल्यावर डॉक्टरांच्या शंकेला फारशी जागा उरली नाही.

अमेरिकेतील उलटी गोष्ट

नियम काटेकोर असले की स्पर्धा आपोआप येते, असेही नाही. संधिवातावरचे ह्युमिरा, म्हणजे अ‍ॅडॅलिमुमॅब, हे त्याचे उदाहरण. त्याचे मुख्य पेटंट अमेरिकेत २०१६ मध्ये संपले आणि पहिल्या बायोसिमिलरला त्याच वर्षी मंजुरीही मिळाली. पण ते दुकानात यायला जानेवारी २०२३ उजाडावे लागले. अ‍ॅबव्ही कंपनीने औषधाची मात्रा, बनवण्याची पद्धत, मिश्रण अशा बाबींवर शंभराहून अधिक पेटंटे घेतली होती. प्रतिस्पर्ध्यांनी तडजोडी करून थांबणे पसंत केले. या पेटंटांच्या जाळ्याविरुद्ध स्पर्धा कायद्याखाली दावा झाला, पण २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. कोणी किती पेटंटे घ्यावीत यावर कायद्यात मर्यादा नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या वर्षी ह्युमिराची जगभरातील विक्री २१ अब्ज डॉलरहून अधिक होती. भारतात अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अ‍ॅडॅलिमुमॅबचे बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्येच विकायला सुरुवात केली होती.

२०२३ मध्ये अमेरिकेत अनेक बायोसिमिलर आली, तरी पहिल्या वर्षी त्यांचा खप नगण्य राहिला. विमा कंपन्यांसाठी औषधांची यादी ठरवणाऱ्या मध्यस्थांना मूळ औषधावर मिळणारी मोठी सूट सोडायची नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये सीव्हीएस केअरमार्क या बड्या मध्यस्थाने आपल्या प्रमुख याद्यांतून ह्युमिरा काढले, तेव्हा कुठे बायोसिमिलरचा खप वेगाने वाढला. स्पर्धकाला परवानगी मिळणे एक आणि त्याचा माल विकत घेणारा मिळणे दुसरे.

घेणारा संघटित हवा

भारतात ट्रॅस्टुझुमॅब २०१५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आले आणि त्याच्या किमतीवर कमाल मर्यादा लागू झाली. या पद्धतीला मात्र एक मर्यादा आहे. बाजारात ज्यांचा वाटा किमान एक टक्का आहे अशा ब्रँडच्या किमतींची सरासरी काढून, त्यात विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवून कमाल किंमत ठरते. विक्रेते मोजके असतील आणि सगळेच महाग विकत असतील, तर सरासरीही महागच निघते. किंमत नियंत्रणाला आधी स्पर्धा लागते, ती याचसाठी.

स्पर्धेचा खरा लाभ मिळाला तो एकत्र खरेदीतून. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधील २३ रुग्णालयांनी कर्करोगाशी संबंधित ४० औषधांची मागणी एकत्र केली आणि कंपन्यांकडून एकत्रित बोली मागवली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार छापील किमतींच्या तुलनेत सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. औषधागणिक बचत २३ ते ९९ टक्के होती. पुरवठादार अनेक, त्यांच्या दर्जाची खात्री झालेली आणि खरेदीदार एकच मोठा, अशी जुळणी झाली की छापील किंमत आणि खरी किंमत यांतले अंतर उघडे पडते. जिल्ह्याच्या गावातल्या औषध दुकानात एकटा उभा राहिलेला नातेवाईक अशी घासाघीस करू शकत नाही.

पुढे काय

चाचण्यांचे नियम आता जगभर बदलत आहेत. प्रयोगशाळेतील तपासणी आज इतकी सूक्ष्म झाली आहे की दोन प्रथिनांतील फरक शेकडो रुग्णांवरील तुलनेपेक्षा तिथेच अधिक नेमका कळतो. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये बहुतेक बायोसिमिलरसाठी मोठ्या तुलनात्मक चाचणीची सक्ती सोडली. एफडीएनेही २०२५ मध्ये त्या दिशेने जाणारा मसुदा जाहीर केला. यातून बायोसिमिलर लवकर आणि कमी खर्चात येतील.

भारताला याचा फायदा घ्यायचा असेल, तर मंजुरीनंतरची नजर पक्की हवी. २०१६ च्या सुधारित सूचनांनुसार उत्पादकाने मंजुरीनंतर दोन वर्षांत साधारणतः किमान २०० रुग्णांवर पुढचा अभ्यास करणे अपेक्षित आहे. हे अभ्यास पूर्ण झाले का आणि त्यांत काय आढळले, हे डॉक्टरांना व रुग्णांना सहज पाहता आले, तर शंकेचा व्यापार करायला जागा उरणार नाही.

तोवर रुग्ण आणि नातेवाइकांनी काही गोष्टी जरूर कराव्यात. जैवऔषध लिहून दिले असेल, तर त्याचे बायोसिमिलर उपलब्ध आहे का आणि रुग्णालय कोणत्या दराने खरेदी करते, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. घेतलेल्या औषधाचे ब्रँडचे नाव आणि बॅच क्रमांक प्रत्येक वेळी कागदावर टिपून ठेवावा. उपचार चालू असताना ब्रँड बदलला, तर ते डॉक्टरांच्या माहितीनेच व्हावे. त्रास झाल्यास डॉक्टरांना तर सांगावेच, शिवाय राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवता येते. एखाद्या बॅचमध्ये दोष असेल, तर तो अशा नोंदींतूनच लवकर सापडतो.